भोंगाताईंचा घसा

बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना ड्रायव्हर तोंडावर भोंगाताई म्हणत आणि त्याही ओ देत. माइक त्यांच्या हातात होता, पण गाड्या हलायच्या त्या त्यांच्या नजरेने. ‘फलाट तीनवरची गाडी सुटत आहे,’ एवढ्यावर त्या थांबत नसत. ‘मफलरवाले दादा, कप खाली ठेवा. दिसतंय इथून.’ आख्खं स्थानक हसायचं आणि गाडी वेळेवर निघायची.

हाच घसा दर महिन्या-दोन महिन्यांनी दगा द्यायचा. टॉन्सिल सुजायचे, ताप चढायचा, आवाज गुल. मग स्थानकाचे साहेब ताईंच्याच आवाजातली टेप लावत. टेप वाजली की ड्रायव्हर आणखी एकेक चहा मागवत. टेप काही खिडकीतून बघत नव्हती.

घरात सासूबाई गार पाण्यावर खापर फोडत आणि नवरा ताईंवर. शेवटी दोघं घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेली, तेव्हा नवऱ्याने खुर्चीत बसायच्या आधीच तक्रार नोंदवली.

“हिला जरा रागवा डॉक्टर. बरं वाटलं की गोळ्या सोडते.”

ताईंनी पर्समधून रबर लावलेला रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. “मोजा,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या. घसा पाहून नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्याकडे पाण्याचं पिंप आहे? आतून बुळबुळीत होतं?”

“होतं की.”

“नुसतं पाणी ओतून निघतं?”

“छे! घासावं लागतं.”

“टॉन्सिलला बारीक खड्डे असतात. तिथे जंतू एकमेकांना धरून बसतात आणि वर तसाच चिकट थर धरतात. गोळ्यांनी बाहेरचे मरतात, ताप उतरतो. थरातले पुष्कळसे तग धरतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. प्रत्येकाचं असंच असतं असं नाही, पण यांचं तसं दिसतंय. यांचं काही चुकलेलं नाही.”

“मग घासून काढा ना.”

“अहो, घशाला घासणी चालत नाही. टॉन्सिलच काढू.”

ताईंना चाकूची भीती नव्हती. “आवाज?” त्यांनी विचारलं.

“थोडे दिवस वेगळा वाटेल. बहुतेकांचा पूर्वीसारखा होतो. खात्री मात्र देता येत नाही.”

खात्री नाही, म्हणजे माइक जाईल आणि टेप कायमची लागेल, असं ताईंनी मनाशी धरलं. घरी आल्यावर नवऱ्याने चूक झाली वगैरे म्हटलं नाही. बाह्या सरसावून म्हणाला, “पिंप आज मी घासतो.” नाहीतरी दर महिन्या-दोन महिन्यांनी टेप लागतेच, असा हिशेब करून त्या रात्रीच ताईंनी ऑपरेशनला होकार दिला.

सुट्टी संपवून त्या खिडकीमागे बसल्या तेव्हा गिळणं सोपं झालं होतं, पण आवाज पातळ निघत होता, कुणा परकीचा असावा तसा. “फलाट तीनवरची गाडी सुटत आहे.” मफलरवाल्याने कर्ण्याकडे एकदा पाहिलं आणि निवांतपणे बशीत चहा ओतला.

मग ताईंनी माइक जवळ ओढला. “मफलरवाले दादा, फुंकर नंतर मारा. गाडीत माणसं बसलीत.”

बशी कलंडली, चहा मफलरवर सांडला. “आली रे बाबा!” तो ओरडला आणि गाडीकडे पळाला.

ताईंनी टेप खणात ढकलली आणि फलाट चारकडे पाहिलं. तिथला ड्रायव्हर आधीच उठला होता.