फाडलेली यादी

सांगलीच्या इंजिनवाल्याने मला फसवलं. इंजिनासोबतच्या जाड इंग्रजी पुस्तकात शेवटी यादी असते, कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी. ती त्याने आधीच फाडून घेतली होती. बिघाड झाला की गिऱ्हाइकाने त्याच्याच दारात यावं!

माझी पिठाची गिरणी बंद पडली तेव्हा पुस्तक काखेत मारून मी भांडायला निघालो. कवठे महांकाळच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या पेन्शनर फौजीने ते मागितलं आणि थेट मागून उघडलं.

"यादी फाडलीया की! इंजिनाला काय झालंय?"

मी पहिल्यापासून सांगू लागलो.

"पावणं, पुस्तकाला गाऱ्हाणं कळत न्हाई. एक शब्द सांगा."

"धूर! काळा!"

"एकच म्हनलं."

आयुष्यभर घासाघीस केली, पण मला एका शब्दावर आणणारा हाच भेटला. बोट ओलं करून तो पानं उलटायचा आणि दिसेल तो कामाचा शब्द आकड्यासह मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचा. आम्ही दोन गाड्या सोडल्या. धूर एकेचाळिसाव्या पानावर निघाला.

"हवेची जाळी तुंबलीया. पीठच बसलं असंल."

सांगली राहिली, मी तसाच गिरणीवर परतलो. पीठच होतं! जाळी झटकली, गिरणी गरजली आणि मी एकटाच मोठ्यांदा हसलो.

पुठ्ठ्यावर का होईना, यादी आता माझ्याकडे आहे. तरी ती पानं का फाडली, ते सांगलीवाल्याने इथे येऊन दळणाच्या रांगेसमोर सांगावं.