टेबलावरची आगगाडी आणि सासऱ्यांची चौकशी

आता आधी कबूल करा, की हसणार नाही. नाहीच राहवलं तर निदान आमच्या हिच्यासमोर हसू नका, कारण तिला हा किस्सा तोंडपाठ आहे आणि ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते. इतका अस्सल गाढवपणा माणसाच्या हातून एखाद्याच वेळी होतो. माझ्या हातून तो झाला आणि ऐन दसऱ्याला उघडा पडला, तोही सासऱ्यांच्या देखत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सातपूरला एका कारखान्यात होतो आणि राहायला तिथंच, कॉलनीत. शेजारच्या बिल्डिंगमध्ये सुधाकर, कारखान्यातलाच माझा दोस्त. आम्हा दोघांना खेळण्यातल्या आगगाडीचं वेड लागलं. वय काय, तर तिशी ओलांडलेली! लोक संध्याकाळी नदीवर फिरायला जायचे, आम्ही रूळ जोडत बसायचो.

पण गाडी साधीसुधी नव्हती हं. साध्या खेळण्यात रुळांत करंट सोडला की रुळावरची सगळी इंजिनं एकदम सुटतात. आमचा मात्र घरी बनवलेला डिजिटल कंट्रोलर! प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर, म्हणजे एक छोटं सर्किट. ते फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकणार. काळं इंजिन एक नंबर, निळं दोन नंबर. नंबर शिकवायचा तर ते इंजिन एकटंच रुळावर ठेवायचं, कंट्रोलरवरचं लाल बटण दाबायचं आणि मग नंबरचं. प्रोग्रॅम सुधाकरचा, सोल्डरिंग माझं.

भानगड एवढीच होती, की हे सगळं मांडलं होतं जेवणाच्या टेबलावर. टेबल सागवानी, सासऱ्यांनी हौसेनं नांदगावहून टेम्पोत घालून पाठवलेलं. त्यावर आम्ही एकदाही जेवलो नव्हतो. सासरे म्हणजे अण्णा, रिटायर्ड स्टेशन मास्तर. ते दसऱ्याला येणार म्हटल्यावर आमच्या हिनं, म्हणजे सुमननं, शांतपणे निकाल दिला.

"अण्णांसमोर गाडी नीट चालली, तर टेबल तुमचं. नाही चालली, तर त्याच दिवशी रूळ माळ्यावर आणि पानं टेबलावर."

मी म्हटलं, मंजूर. का नाही म्हणणार? आदल्याच आठवड्यात दोन्ही गाड्या काय सुरेख धावल्या होत्या!

आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात मशीनची पूजा झाली, पेढे खाल्ले, घरी आलो. म्हटलं, आपल्याही यंत्राची पूजा नको का? दोन्ही इंजिनं रुळावर ठेवली, झेंडूची फुलं वाहिली, उदबत्ती ओवाळली. नमस्कार केला. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून गाडी चालवली नाही. आहे की नाही नेमधर्माचा माणूस?

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. मी त्यांना समजावलं, की काळं इंजिन समोरून येईल आणि निळं बाजूच्या रुळावर उभं राहून त्याला वाट देईल. अण्णा म्हणाले, म्हणजे क्रॉसिंग. जन्मभर तेच केलं त्यांनी. मी ऐटीत एक नंबरचं बटण दाबलं आणि स्पीडचा खटका फिरवला.

काळं निघालं. आणि निळंही निघालं! वाट द्यायची सोडून ते तरातरा मेन लाइनवर आलं, काळ्याला समोरासमोर भिडलं आणि उडून थेट अण्णांच्या मांडीवर. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. बिचाऱ्यांच्या सबंध नोकरीत जे झालं नव्हतं, ते जावयानं चहा यायच्या आत करून दाखवलं.

मी दोन नंबरचं बटण दाबून पाहिलं. ढिम्म! मग धावत जाऊन सुधाकरला आणलं. आल्या आल्या मी त्याच्या प्रोग्रॅमला शिव्या घातल्या, त्यानं माझ्या सोल्डरिंगला. वायरी तपासल्या, ट्रान्सफॉर्मर बदलला, इंजिनांची टपं उघडली. स्वयंपाकघरात पुऱ्या गार होत होत्या आणि सुमन दारात येऊन नुसती टेबलाकडे बघून जात होती. मी तिच्यावरच घसरलो, म्हटलं, तूच फडकं मारताना काहीतरी हलवलं असशील. तिनं आत जाऊन ताटं पुसायला घेतली. हे लक्षण तर फारच वाईट.

शेवटी सुधाकरनं निळं इंजिन एकटं रुळावर ठेवून एक नंबर दाबला. ते चालू लागलं.

"अरे, याचा नंबरच बदललाय," तो म्हणाला. "कोणी बदलला?"

मी शपथेवर सांगितलं, की यंत्राला कोणी हातही लावलेला नाही. तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला आणि अपघाताची रीतसर चौकशी सुरू केली.

"शेवटची चालली तेव्हा ठीक होती. त्यानंतर मशीनजवळ कोण गेलं?"

"फक्त मी. काल पूजा केली."

"बंद मशीनची?"

"छे हो, अण्णा! बंद यंत्राची कसली पूजा? दिवा लागलेला असावा म्हणून चालू केलं होतं."

"आणि कुंकू कशाकशाला लावलंत?"

"बटणांना," मी छाती फुगवून म्हणालो. "एकही सोडलं नाही. आधी लाल, मग एक, मग दोन. चांगलं दाबून लावलं."

सुधाकरनं कपाळाला हात लावला. मला अजून कळेना. मग त्यानं मला, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की बाबा रे, दोन्ही इंजिनं रुळावर ठेवून तू लाल बटण दाबलंस, पाठोपाठ एक नंबर दाबलास. दोघांनीही तो निमूटपणे शिकून घेतला. सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली.

निळ्याला पुन्हा दोन नंबर शिकवायला कितीसा वेळ लागतो? गाड्या पळाल्या, क्रॉसिंग अगदी झकास झालं. मी विजयी मुद्रेनं सुमनकडे पाहिलं. अट म्हणजे अट! तिनंही मान्य केलं, की टेबल गाडीचं.

मी खटक्याकडे हात नेला, तर अण्णांनी तो हळूच बाजूला सारला.

"जावईबापू, टक्कर घडवणारा माणूस पुन्हा लगेच ड्युटीवर नसतो. नियम आहे."

मग ते स्वतः खटक्यावर बसले आणि सुधाकरला त्यांनी बटणांवर नेमलं. दोघं उठायलाच तयार होईनात, तेव्हा सुमननं त्यांची पानं तिथंच, रुळांच्या मधल्या जागेत वाढली. अखेर त्या टेबलावर जेवण झालं, सासऱ्यांचं आणि सुधाकरचं. मी खाली पाटावर बसून गार पुऱ्या खात होतो आणि माझी गाडी माझ्याच डोक्यावरून जात होती.