कौसरच्या कानात

कौसरला हेडफोन हवे होते, आणि कशासाठी हवेत ते ती कुणालाही सांगणार नव्हती. बाई एकोणपन्नास वर्षांची. राहायला नदीकाठच्या इम्बाबा वस्तीत, कामाला नदीच्या याच काठाला पण पाऊण तास लांब, एका शाळेत. तिथं झाडलोट करायची, मास्तरांना चहा द्यायचा, पोरं एकमेकांच्या उरावर बसली की ओढून काढायची. अकराव्या वर्षी बापानं तिला शाळेतून काढली ती काढलीच. तीन वर्षांपूर्वी तिनं साक्षरतेचा दाखला मिळवला आणि आता ती घरून अभ्यास करून नववीच्या परीक्षेला बसणार होती.

हे एकदाच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. शहाता भट्टीवर भाकऱ्या भाजायचा. माणूस वाईट नाही, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "केस पिकल्यावर मदरशात घातला, तशातली गत झाली की तुझी!" एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं ते भट्टीवर सांगितलं. पुढं आठ दिवस भाकरी घ्यायला आलेली माणसं कौसरला विचारत होती, गृहपाठ झाला का बाई, छड्या किती खाल्ल्या. तिनं घरी जाहीर करून टाकलं की तो नाद सोडला. सोडला वगैरे काही नव्हता, फक्त तोंड मिटून घेतलं.

धडे फोनवर मिळत. पण ऐकायचे कुठं? घर दोन खोल्यांचं, एकीत टीव्ही आणि दुसरीत मुलगी हनादी, तिच्या मैत्रिणींसकट. उरला शाळेला जाता-येताचा मायक्रोबसमधला दीड तास, आणि साखरेच्या डॉक्टरनं नदीकाठानं रोज चालायला सांगितलं होतं तो एक तास. तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता.

म्हणून ती एका शनिवारी अताबाच्या बाजारात उतरून अब्दुल अझीझ रस्त्यावर गेली. तिथं हेडफोन भाजीसारखे ढिगानं मिळतात आणि ढिगातले निम्मे घरी पोचेपर्यंत मरतात. वायरवाले स्वस्त होते, पण ते तिनं आधी वापरून पाहिले होते. वायर डोक्याच्या रुमालाच्या टाचणीत अडकायची आणि मान वळवली की कान उपटून निघायचा. मोठे, डोक्यावरून बसणारे, रुमालावर घातले तर घसरत आणि रुमालाखाली घातले तर डोक्याचा भोपळा होई. ते शेंगदाण्याएवढे बिनवायरचे तर तिला नकोच होते. गर्दीत एक पडला की गेलाच, वाकून शोधायला जागा कुठं असते? शेवटी दुकानातल्या पोरानं नेकबँड काढला. गळ्यात रुमालाखाली बसणारा, कानातून निसटला तरी गळ्यातच लोंबणारा, घामाला न घाबरणारा, आणि एकदा चार्ज केला की दोन दिवस चालणारा. कौसरनं तो तिथंच मनात विकत घेतला आणि तोंडावर मात्र नापसंती आणली, कारण भाव व्हायचा होता.

"कुणासाठी घेताय, हाज्जा?" पोरानं विचारलं. कौसर कधी मक्केला गेली नव्हती, पण तिच्या वयाच्या बाईला हाज्जाच म्हणतात.

"मुलीसाठी." अगदी सहज निघालं तोंडातून.

मुलगी अभ्यास करते का, चालायला जाते का, असं पोरगं विचारत गेलं आणि कौसर हो हो म्हणत गेली. मग तो म्हणाला, तिलाच घेऊन या, कानाचं माप बघून रबर बसवतो. कौसर म्हणाली, तिचे कान अगदी माझ्यासारखेच आहेत. पोरगं हसू दाबत रबर बसवायला लागलं आणि कौसरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका परक्या पोरासमोर, स्वतःच्या पैशानं घ्यायच्या वस्तूसाठी, स्वतःच्या पोरीच्या आड लपायचं! चारशेवीस सांगितलेला नेकबँड तिनं तीनशेतीसला घेतला, आणि शाबासकी द्यावी असा सौदा करूनही चोरी केल्यासारखी बाहेर पडली.

दुसऱ्या खोट्याला तिला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मायक्रोबसमध्ये शेजारच्या बाईनं तिच्या रुमालाखालून डोकावणारा नेकबँड बघितला, मिटलेले डोळे बघितले, हलणारे ओठ बघितले. कौसर तेव्हा पेशीचे भाग घोकत होती. बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, कुराण ऐकतेयस ना, देव कबूल करो. आता खरं बोलायला काय झालं होतं? पण खरं सांगितलं की ती बाई हसणार, मागचा पुढच्याला सांगणार, आणि ड्रायव्हर आरशातून बघणार. कौसरनं मान हलवली. बाईनं ड्रायव्हरला ओरडून गाणं बंद करायला लावलं आणि ड्रायव्हरनं ते निमूट बंद केलं. त्या शांततेत कौसरनं पेशीचे भाग अगदी नीट पाठ केले, आणि स्वतःचीच किळस आली तिला.

घरीही तेच. शहातानं तिला ओट्याशी कानात बोंडं घालून उभी बघितली आणि टीव्हीचा आवाज कमी केला. असा मान त्यानं लग्नाच्या पंचवीस वर्षांत दिला नव्हता. तिनं तो घेतला. काय करणार, परीक्षा जवळ आली होती.

एवढ्यावर निभावलं असतं, तर कौसर देवाची माफी मागून मोकळी झाली असती. पण वरच्या मजल्यावर उम्म वग्दी राहायची. वग्दीची आई, एवढंच तिचं नाव इमारतीला ठाऊक. वग्दी एकुलता एक, मोटरसायकलवरून सामान पोचवायचा, आणि दोन वर्षांपूर्वी पुलावर ट्रकखाली गेला. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. पोराच्या नावानं कुराण पुरं वाचावं, तर वाचणार कशी, आणि इतरांना किती वेळा सांगणार?

जिन्यात तिनं कौसरला गाठलं. कुराण ऐकतेस असं शहाता म्हणत होता, कुठवर आलीस, असं विचारलं.

"पंधरावा पारा, मावशी," कौसर म्हणाली. कुराणाचे पारे, म्हणजे भाग, तीस; त्यातला पंधरावा हा आकडा कुठून आला देव जाणे.

म्हातारीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. पुरं झालं की त्याचं पुण्य माझ्या वग्दीच्या नावावर कर गं, म्हणाली, आता माझ्या हातून त्याला दुसरं काय जाणार? कौसर म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर, मावशी." नक्की करीन या अर्थानं असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, पण या वेळी ते शब्द जिभेला टोचले.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी फोनवर पठण लावलं, पहिल्या पाऱ्यापासून. तीन दिवसांत चार पारे झाले. मग शाळेच्या नोटीसबोर्डावर परीक्षेची तारीख लागली, बीजगणिताचे सहा धडे तसेच पडले होते, आणि तिनं मनाशी ठरवलं की आधी एवढं उरकू, वग्दीचं नंतर करू. मेलेल्याला घाई नसते, असंही तिच्या मनात येऊन गेलं. नंतर ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

पंधरा दिवसांनी म्हातारीनं विचारलं, झालं का. कौसर म्हणाली, झालं. म्हातारीनं जिन्यातच तिचं डोकं खाली ओढून घेऊन त्याचं चुंबन घेतलं आणि रडली. संध्याकाळी वरून भरल्या कोबीच्या पानांचं ताट आलं. शहाता बोटं चाटत जेवला आणि बायकोला म्हणाला, तुझ्यामुळं आम्हालाही बरकत. कौसरनं एकच पान उचललं आणि परत ठेवलं. साखर वाढलीय म्हणून तिनं ताट सरकवलं, आणि ते तिचं कितवं खोटं होतं ते तिचं तिलाही कळेना.

मग वग्दीला जाऊन दोन वर्षं पुरी झाली तो दिवस आला. गुरुवारी संध्याकाळी इमारतीतल्या बायका वर जमल्या. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. कौसर चालून तशीच आली होती, नेकबँड गळ्यात आणि धडा मध्येच थांबवलेला. हनादी तिच्या आधीच येऊन बसली होती. कौसर दाराशी, चपलांजवळ बसली. उम्म वग्दीनं तिला उठवून पुढं आणून आपल्याशेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्या वग्दीला आख्खं कुराण हिनं दिलंय. बायका कौतुकानं बघायला लागल्या. कौसरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तू ऐकतेस तेच लाव ना गं," म्हातारी म्हणाली. "माझ्या पोरासाठी तू कुठला आवाज ऐकलास, तो मलाही ऐकू दे."

हे करणं काही अवघड नव्हतं. पठण फोनमध्ये होतंच, चार पाऱ्यांपर्यंत ऐकलेलं. तिनं गळ्यातला नेकबँड बंद केला, फोन हातात घेतला. पण घाईघाईत बोट आधी पडलं ते मध्येच थांबवलेल्या धड्यावर. खोलीभर मास्तरांचा खणखणीत आवाज घुमला. मुलांनो, नववीची परीक्षा वीस दिवसांवर आली आहे, समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून आता तीन वजा करा!

बंद करायला दोन सेकंद लागली असतील. तेवढ्यात मास्तरांनी तीन वजाही केले. कोपऱ्यातली एक बाई फिसकन हसली आणि तिनं तोंडावर रुमालाचं टोक दाबलं. सगळ्यांच्या नजरा कौसरवर. शहाताचा भट्टीवरचा विनोद या सगळ्यांनी ऐकलेला होता, आणि एकेकीच्या चेहऱ्यावर ते आठवायला सुरुवात झालेली कौसरला दिसत होती.

"हनादीचं असणार," उम्म वग्दी म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "पोरी आईचा फोन घेतात आणि काहीबाही लावून ठेवतात. ठेव गं तो फोन बाजूला. आता आपण फातिहा म्हणू."

हनादीनं आईकडं एकदाच बघितलं. ती कॉलेजात वाणिज्य शिकत होती, नववीच्या समीकरणांशी तिचा काही संबंध नव्हता. "माझंच आहे," ती म्हणाली, "मैत्रिणीच्या भावाला शिकवते ना." आणि मान खाली घातली. बायकांनी तळहात वर केले, फातिहा झाली, पुन्हा कॉफी आली, आणि बोलणं दुसरीकडं वळलं. आपली अब्रू झाकायला दोघी खोटं बोलल्या, त्यातली एक आपल्या पोटची, आणि दुसरीला आपण फसवलेलं, हे कौसरला कॉफीच्या प्रत्येक घोटाला आठवत होतं.

बायका गेल्या. हनादीही खाली गेली. म्हातारी जमिनीवर बसून कबरस्तानात वाटायच्या गोड पावांच्या पिशव्या बांधत होती. उद्या शुक्रवार होता. कौसर तिच्यासमोर बसली आणि पिशवी धरायला हात पुढं केला, तो म्हातारीनं दूर केला नाही. बराच वेळ दोघी गाठी मारत राहिल्या.

"मावशी, माझं शिक्षण..." कौसरनं सुरुवात केली.

"शीक की," म्हातारी मध्येच म्हणाली. "त्यात कसली लाज? मला वाचता आलं असतं, तर मी कुणाच्या दारात गेले नसते. मला एवढंच सांग. वग्दीचं पुरं केलं होतंस का?"

कौसरनं मान वर केली नाही. चार पारे झाले होते, असं सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण चार पाऱ्यांचा हिशेब या बाईपुढं मांडायचा म्हणजे वर आणखी कोडगेपणा.

"नाही, मावशी."

म्हातारी रागावली असती, पाव फेकून मारला असता, इमारतीभर डांगोरा पिटला असता, तर कौसरला ते चाललं असतं. त्यासाठी ती मनानं तयार होती. म्हातारीनं हातातली गाठ पुरी केली, पिशवी बाजूला ठेवली आणि रुमालाच्या टोकानं बोटांची साखर पुसली.

"बरं," ती म्हणाली. "मी मागच्या शुक्रवारी त्याच्याजवळ बसून सांगून आले गं, की खालच्या कौसरमावशीनं तुला आख्खं कुराण दिलंय. पोरगं तेव्हापासून वाट बघत असेल." तिनं पुढची पिशवी ओढली. "उद्या सांगते त्याला, आईचीच काहीतरी समजूत चुकली म्हणून. तुझं नाव घेणार नाही मी."