आईकडचं घराणं

घोड्यांचा मला कधी वीट आला नाही, त्यांच्या लिदीचाही नाही. वीट आला तो घोड्यांबद्दल बोलणाऱ्या माणसांचा. त्यांत मीही आले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

लग्नाआधी चार वर्षं मी पुण्याकडच्या एका घोडेपैदाशीच्या फार्मवर जनावरांची डॉक्टर होते. आता खारघरला माझा दवाखाना आहे. टॉवरमधली माणसं लॅब्रडॉर घेऊन येतात. कुत्र्याला एसीत झोपवतात, काजूकतली भरवतात आणि मग विचारतात, हा एवढा सुस्त का. मी गोचिडं काढते, इंजेक्शन देते आणि गप्प बसते. घोड्याबद्दल मला वर्षानुवर्षं कोणी एक शब्द विचारला नव्हता. पुढे मी जे केलं त्याचं निमित्त म्हणून हे सांगत नाही, पण मूळ तिथेच आहे.

माझे धाकटे दीर वाशीच्या मार्केटात फळांचे व्यापारी. त्यांनी तिथल्याच एका म्हाताऱ्या कांदेवाल्याबरोबर भागीदारीत शर्यतीचा घोडा घेतला. चार वर्षांचा, तांबूस, डोळ्यांनी अजून पोरच. हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत दहा दिवसांवर आली आणि त्याच्या पुढच्या डाव्या पायाबद्दल कुजबुज सुरू झाली. तेवढ्यापुरतं त्याला तळोज्याकडच्या एका फार्महाऊसवर आरामाला आणून ठेवलं होतं. ट्रेनरने हात वर केले होते, मालक म्हणतील तसं. भावजींना पळवायचाच होता, कांदेवाले काका नको म्हणत होते. शेवटी काकांनीच तोडगा काढला, घरातच डॉक्टर आहे तर ती म्हणेल तसं करू. म्हणजे त्या जनावराने पळायचं की नाही, हे माझ्या एका शब्दावर आलं.

रविवारी भावजींकडे वाशीला जेवायला बोलावणं आलं. काकाही आले होते. कोंबडी-वडे होते. ताटं उचलायच्या आतच भावजींनी रश्श्याच्या बोटांनी टेबलावर कागद पसरला. घोड्याच्या पाच पिढ्यांचा तक्ता होता तो, वर बापाकडचे, खाली आईकडचे, आणि ज्यांनी मोठ्या शर्यती मारल्या त्यांची नावं ठळक छापलेली.

"वहिनी, हे बघा. बापाकडनं पण हाच पणजोबा, आईकडनं पण हाच. सगोत्र झालं ना हे? आमाला कोणी टोपी घातली काय?"

या माणसाने स्वतःच्या मुलीचं चांगलं स्थळ सगोत्र म्हणून दारातून परत पाठवलं होतं. मी त्यांना समजावलं की घोड्यांत असं मुद्दाम करतात, एका रक्ताचा गुण दोन्हीकडून यावा म्हणून. ते ऐकून त्यांचा चेहरा लगेच खुलला. मुलीच्या बाबतीत जे पाप होतं ते घोड्याच्या बाबतीत एका क्षणात भांडवल झालं.

पण मी थांबले का? छे. मला चेव चढला. बापाचं नाव सगळे बघतात, मी म्हणाले, खरं बघायचं ते आईकडचं घराणं. दम तिथून येतो. याच्या आईकडचे सगळे लांब पल्ल्याचे. त्याची आजी तर माझ्या फार्मवर होती, खूर तडकलेला असताना पळाली आणि जिंकली. खरं तर ती तिसरी आली होती. पण जाऊबाई हातात वड्यांची परात घेऊन ऐकत उभ्या राहिल्या होत्या, काका मान डोलावत होते, आणि इतक्या वर्षांनी माझं बोलणं कोणीतरी कान देऊन ऐकत होतं. थोडं मीठमसाला लावून सांगितलं, त्यात काय बिघडलं, असं तेव्हा वाटलं.

मग गाडी काढून आम्ही तिघं फार्महाऊसवर गेलो. घोडा शांत उभा होता. मी वाकून पुढच्या दोन्ही पायांवरून हाताची मागची बाजू फिरवली, नळीच्या हाडामागच्या शिरेवरून हळूहळू खाली. आम्ही असंच बघतो. शीर दुखावली असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो.

उजवा पाय नेहमीसारखा कोमट होता. डावा थंडगार.

घोड्याचा एकच पाय असा थंड पडत नाही. खाली बघितलं तर डाव्या खुराशेजारचा भुसा तेवढा भिजलेला. घोडा सांभाळणारा मोतद्दार भिंतीकडे बघत होता. रेसकोर्सवरच्या माणसाने लबाडी केली असती तर दोन्ही पायांना बर्फ लावला असता. भावजी पडले फळवाले. डाग ज्या फळाला, तेच झाकायचं, चांगल्यावर कशाला बर्फ वाया घालवायचा? जन्मभर पेटीच्या वरच्या थरात चांगलं फळ रचायची सवय. मला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की फसवणूकसुद्धा त्यांना धड करता आली नव्हती आणि तरी ते हसत उभे होते.

काका जरा लांब, नळावर हात धूत होते. मी हळूच म्हणाले, "भावजी, या पायाला बर्फ लावला होता. शीर दुखावलीय. पळवला तर तुटेल."

"काय टेन्शन घेता, वहिनी. खानदानी आहे, सोसेल. तुमीच आत्ता सांगितलं ना, याची आजी फुटक्या खुराने पळाली."

खानदानी आहे, सोसेल. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेबद्दल हे वाक्य मी ऐकलं होतं.

तेवढ्यात काका धोतराच्या सोग्याला हात पुसत आले. "बाई, आमच्याकडं बैलाच्या पायात कळ असली तर जू ठेवत न्हाईत. मला यातलं कळत न्हाई. तुमी सांगा, पळवावा का?"

एक शब्द पुरे होता. नाही म्हणायचं होतं, बस्स. पण मग ती आजी तिसरी आली होती हेही सांगावं लागलं असतं. टेबलावरचा तो अर्धा तास खोटा पडला असता, आणि भावजी बघत होते.

मी म्हणाले, "घराणं उत्तम आहे, काका."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "मग ठरलं."

शर्यत मी दवाखान्यात मोबाईलवर पाहिली, टेबलावर कोणाचं तरी मांजर होतं. शेवटच्या वळणापर्यंत तो तिसरा होता. सरळ पट्ट्यात आला आणि डावा पाय खाली गेलाच नाही, नुसता लोंबला. तरी तो तीन पायांवर पळत राहिला. मग माणसं धावली, त्याच्याभोवती हिरवा पडदा धरला. पडद्याआड ते शेवटचं इंजेक्शन कसं देतात ते मला माहीत आहे, मी ते दिलेलं आहे.

तीन दिवस मी मनातल्या मनात भावजींना शिव्या घालत होते. फोन आला की काय काय सुनावायचं ते वाक्यावाक्याने पाठ केलं होतं. काकांना जाऊन खरं सांगायचं हेही ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "वाईट झालं, वहिनी. आता नशीबच म्हणायचं. ऐका ना, त्याच आईची दोन वर्षांची एक घोडी लिलावात येतेय. कागद पाठवू?"

मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "बाप कोण?"