पंधरा सेकंदांचं बोलणं

"थांबा. आधी तबकडी फिरू दे."

कॅमेऱ्याचं बटण दाबलं की सर डावा तळहात पुढे धरून हे म्हणत. मग कॅमेरा कानाशी नेत, आतली हार्ड डिस्क फिरायला लागल्याची खात्री करत आणि मगच तो डोळ्यासमोर आणत. तोवर प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात हार पडून, निघून, टेबलावर गेलेला असे. आमच्या शाळेतल्या निम्म्या सत्कारांचं चित्रण हार टेबलावर गेल्यावर सुरू होतं.

सर सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवत. मूळचे कोकणातले, डोकमर्डीला एका खोलीत एकटेच राहत. मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्यांनी तो कॅमेरा घेतला तेव्हा कॅसेट लागत नाही याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. तुम्हीही पाहिला असेल तसला: मुठीत मावणारा, बाजूला उघडणारा छोटा पडदा. पुढे शिपायाच्या फोनमध्येही त्याहून चांगलं चित्र यायला लागलं, तरी सरांनी तो सोडला नाही.

त्याच्या सगळ्या खोडी त्यांना पाठ होत्या. बॅटरी धरत नसली की खोडरबराने तिची पितळी टोकं घासत. लेन्सचं झाकण अर्धवट उघडलं की दोन नंबरच्या ब्रशने कडा झाडत. मोठ्या स्पीकरच्या हादऱ्याने डिस्क थांबायची. "हिला डीजे सोसत नाही," असं म्हणत नवरात्रात सर पार कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहत. त्यांनी घेतलेल्या गरब्यातल्या मुली मुंग्यांएवढ्या दिसत.

पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. दरवर्षी दहावीच्या प्रत्येक मुलाला ते बॅडमिंटनच्या खांबाजवळ उभं करत. नाव, गाव, आणि पुढे काय व्हायचंय. प्रत्येकाला पंधरा सेकंद. डाव्या हाताच्या पेरांवर ते मोजत आणि पंधरा झाले की मूठ मिटत. नरोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या धुळे-नंदुरबारकडच्या लोकांची मुलं, खानवेलहून बसने येणारी मुलं, सगळी त्या डिस्कमध्ये होती. गेल्या बारा वर्षांतली.

"हे एकदा कॉम्प्युटरवर उतरवून द्या हो," ते मला म्हणत. एकदा मी कॅमेरा जोडूनही पाहिला. आमच्या कॉम्प्युटरने त्याला ओळखलंच नाही, सोबत आलेली सीडी मागितली. सीडी सरांना सापडली नाही. मी शोधतो म्हणालो. मग घटक चाचणी आली, मग सहामाही. दोन वर्षं मी हेच सांगत राहिलो.

एका हिवाळ्यात खानवेलहून एक माणूस शाळेत आला. मजुरी करणारा. त्याची मुलगी आदल्या वर्षी आमच्याकडून दहावी झाली होती आणि पावसाळ्यात तापाने गेली होती. तिच्या वर्गातल्या मुलींनी त्याला कॅमेऱ्याचं सांगितलं होतं.

"आमची पोर तुमच्या मशीनमधे बोलते म्हणतात," तो सरांना म्हणाला.

सरांनी त्याला चित्रकलेच्या खोलीत नेऊन पडदा उघडून दिला. त्याने तीनदा पाहिलं. जाताना म्हणाला, "तिची आई कुठे येत नाही. तिला घेऊन येतो."

"कधीही या," सर म्हणाले.

त्या दुपारी ते लॅबमध्ये आले. "आता तरी उतरवून घेऊ या."

"स्नेहसंमेलन होऊ द्या, सर," मी म्हणालो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी दहावीच्या परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरत होतो आणि वेबसाइट सारखी बंद पडत होती. सरांचं इंग्रजी बेताचं. पडद्यावर आलेला मजकूर त्यांनी एकेक अक्षर करून वाचला. डिस्कमध्ये दोष आहे, फॉरमॅट करायचं का, असं काहीसं होतं.

"हो दाबा, सर."

"फॉरमॅट म्हणजे काय?"

"साफसफाई. दाबा तुम्ही."

मी कॉम्प्युटरचा शिक्षक आहे. फॉरमॅट म्हणजे काय, ते पाचवीच्या मुलांना शिकवतो. पण त्या क्षणी माझं लक्ष समोरच्या फॉर्मवर होतं, आणि मला फोन ठेवायचा होता. पाच मिनिटांनी सरांनी कळवलं, कॅमेरा सुरू झाला. मी म्हणालो, "मग घ्या आता संमेलन." त्यांनी तीन तास संमेलन घेतलं.

सोमवारी तो माणूस बायकोला घेऊन आला. मी हजेरीचे कागद द्यायला चित्रकलेच्या खोलीत गेलो होतो. सरांनी बाईंना खुर्ची दिली, पडदा उघडला आणि यादी लावली. यादीत फक्त संमेलन होतं. त्यांनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा संमेलनच. मला तिथल्या तिथे कळलं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही कळलं.

"चूक माझी आहे," ते त्या दोघांना म्हणाले. "माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं. सगळं पुसलं."

मी कागद हातात धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

बाईंनी पडद्यावरून एकदा बोट फिरवलं. मग विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं ना? काय बोलली?"

सरांनी कॅमेरा बाजूला ठेवला. ती कशी उभी होती ते दाखवायला स्वतः उभे राहिले. दोन वेण्या, लाल रिबिनी. आधी नाव सांगितलं, मग गाव. मग मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, मला खानवेलच्या बसमधे कंडक्टर व्हायचंय. आणि हसली. तो माणूसही किंचित हसला. "हो, असंच बोलली," तो बायकोला म्हणाला.

आम्ही कॅमेरा वापीला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "इसके बाद कुछ रेकॉर्ड किया क्या?" सरांनी होकारार्थी मान हलवली. जुन्यावर नवं चढलं की काही निघत नाही, असं सांगून त्याने कॅमेरा परत दिला. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "सर, त्या दिवशी फोनवर मी..."

"खिडकी जरा लावून घ्या," सर म्हणाले. "वारा लागतोय."

मी खिडकी लावली. त्यांनी मला अडवलं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी अडवला जायची वाटच बघत होतो.

सर निवृत्त झाले, तरी डोकमर्डीतच राहिले. शेवटी प्रकृती बिघडली तेव्हा भावाकडे गावी गेले. गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या ग्रुपवर ते वारल्याची बातमी आली. त्याखाली मी दोन हात जोडलेलं चित्र टाकलं, सगळ्यांनी टाकलं तसंच.

त्यानंतरच्या रविवारी मी खानवेलची बस धरली. ते बटण सरांनी माझ्या सांगण्यावरून दाबलं होतं, एवढं त्या दोघांना सांगायचं होतं. घर विचारत विचारत गेलो. नवरा कामावर गेला होता. बाईंनी मला ओळखलं. सर गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

"दर दिवाळीला यायचे," त्या म्हणाल्या. "पोर काय बोलली ते सांगायचे."

मला हे माहीत नव्हतं. मग सरांनी सांगितलेलं त्या मला सांगू लागल्या. ती कंडक्टर होणार होती. पहिल्या पगारात आईला टेबल-फॅन घेणार होती. बसमध्ये आईचं तिकीट फाडणार नव्हती, बापाचं मात्र फाडणार होती. आईच्या हातची नाचणीची भाकरी डब्यात असली की मैत्रिणी ती उरू देत नव्हत्या. भावाला ती नदीवर एकट्याला सोडत नव्हती. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी बोलणं संपलं नव्हतं. सर मुलांना पंधरा सेकंदच द्यायचे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"भाकरीचं, भावाचं सगळं खरं आहे," बाई म्हणाल्या. "तशीच होती ती."

सर मधल्या सुट्टीत मुलांमध्ये बसून डबा खात. आम्ही बाकीचे शिक्षक स्टाफरूममध्ये बसायचो.

बाईंनी माझ्या हातातला पेला घेतला. "तुम्ही पण शिकवलं ना तिला? आता सर नाहीत. तुम्ही सांगा, अजून काय बोलायची?"

दोन वर्षं ती माझ्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास बसत होती. बाई समोर थांबून होत्या. मी खूप आठवून पाहिलं. ती कुठल्या रांगेत बसायची, तेसुद्धा मला आठवेना.