सही करायला गेलो होतो

या विषयावर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे, म्हणून आधीच माफी मागतो. एक तर मी पुरुष, त्यातून वीस वर्षांचा, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पण जिची ही गोष्ट आहे तीच म्हणाली, "लिवा की. नाव तेवढं घालू नका." म्हणून धीर केला.

ती माझ्या चुलतभावाची बायको. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. महाडच्या ज्या कॉलेजात मी शिकतो, तिथंच ती प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस आहे. भाऊ मुंबईला असतो. पदरात दोन मुलं असताना तिला पुन्हा दिवस गेले. दोघांनी फोनवर ठरवलं, तिसरं नको. खाजगी दवाखान्यातला खर्च तिच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होता. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण तिथं पुरुषाची सही लागते अशी तिची समजूत होती. भावाला रजा मिळत नव्हती. आणखी दिवस गेले तर गोळ्यांवर भागलं नसतं, दवाखान्यात राहावं लागलं असतं. कंत्राटी माणसानं लांब रजा काढली की तो घरीच बसतो.

"भावजी, वाडीतले सगळे फारम तुम्हीच भरता," ती म्हणाली. "येवढी एक सही करा."

आदल्या रात्री मी वहीचं एक पान भरून सही गिरवली.

सासूला तिनं सांगितलं, पाय मोडून त्याच सरकारी दवाखान्यात पडलेल्या आमच्या आजोबांना बघून पुढं कामावर जाते. इथं चुकलं. आमच्या वाडीतून दवाखान्यात कुणी रिकाम्या हातानं जात नाही. गुपचूप जायचं म्हणून पहिली एसटी धरायला गेलो, तर थांब्यावर आजोबांसाठी तीन डबे आमची वाट बघत होते.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे, मग डब्यांकडे पाहिलं. "हे कोण?"

"दीर. सहीसाठी आणलाय."

"तुमचं वय अठराच्या वर आहे ना? मग सही तुमचीच. नवऱ्याचीसुद्धा लागत नाही. यांना बाहेर बसू द्या."

मी पेनाला टोपण लावलं आणि डबे घेऊन आजोबांकडे गेलो.

"येकटाच? ती कुठं हाय?"

मला खोटं बोलता येत नाही. तरी बोललो. "औषध घेतेय."

"कुणाला रे?"

"मला."

"काय झालंय?"

"पोट."

"साफ होतं का?" आजोबांनी हे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं. शेजारच्या खाटेवरून ओव्याचा सल्ला आला. दुर्दैवानं आजोबांच्या उशाशी फोन होता. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आईनं मऊ भात टाकला होता आणि शेजारची काकी माझ्या बेंबीला लावायला हिंग कालवून बसली होती. वहिनी दारात उभी, तोंडाला पदर. तपासणी आणि पहिली गोळी झाली होती तिची, आणि आडवा मी.

"जपा हं भावजी," ती म्हणाली.

उरलेल्या गोळ्या तिनं शनिवारी घरी घेतल्या. सासूला सांगितलं, पाळी जोरात आलीय. सोमवारी ती कामावर हजर होती. दोन आठवड्यांनी परत दाखवायचं होतं. तोवर पोट पूर्ण रिकामं झालं की नाही ते कळणार नव्हतं, आणि मला विचारताही येत नव्हतं. वाडीत भिंतींना कान, कॉलेजात तर प्रत्येक बाकाला. मी मुकाट्यानं मऊ भात खात राहिलो.

तपासणीला ती एकटीच गेली. दुपारी मी कॉलेजच्या जिन्यात उभा होतो. ती परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन वर आली, आणि न थांबता, पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "काय नाय राहिलं आत. बाई म्हणाल्या, आता यायची गरज नाय."