आर्वो कांगासची बारा पत्रं

आर्वो कांगास अमेरिकेतल्या डुलुथ बंदराच्या रेल्वे यार्डात कामाला होता. खनिजाने भरलेले डबे धक्क्याकडे लावायचे, रिकामे परत आणायचे, हे त्याचं काम. तेवीस वर्षांत त्याच्या हातून एकही डबा भलत्या रुळावर गेला नव्हता. एरवी तो याबद्दल चकार शब्द काढत नसे, पण अँकर्सचा विषय निघाला की गाडी हमखास तिथेच यायची.

"मी एक डबा चुकवला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला," तो म्हणायचा. "आणि इथे अख्खा संघ घसरलाय रुळावरून, तरी कुणाचं काही वाकडं होत नाही!"

अँकर्स हा गावचा बेसबॉलचा संघ. छोट्या लीगमधला, पण गावाला तोच मोठा. एकसष्ट साली तो आठ संघांत शेवटून दुसरा आला आणि बासष्ट साली शेवटचा. मालक होता लॉरेन्स टॉलफसन, ज्याचं सुपीरियर स्ट्रीटवर तीन मजली फर्निचरचं दुकान होतं. त्याने संघ घेतला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आर्वोनेही. मग टॉलफसनने पहिल्याच वर्षी सगळ्यांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, विकून टाकला, आणि त्याच आठवड्यात मैदानाच्या कुंपणावर दुकानाची लांबलचक पाटी चढली. तेव्हाच आर्वोने शपथ घेतली होती, त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

पण त्याचा खरा राग होता वेंडल टीगवर. टीग तिसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या चौकोनाच्या एका कोपऱ्याला, उभा राहायचा. ओक्लाहोमाचा, उंच, हडकुळा, कमी बोलणारा. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे चेंडू फेकायचा म्हणजे मैदान ओलांडून फेकायचा, आणि टीगचा चेंडू कधी आधीच जमिनीवर आपटायचा, तर कधी थेट प्रेक्षकांत. बासष्टच्या मोसमात त्याने एकतीस चुका केल्या. आर्वोने त्या वहीत मांडून ठेवल्या होत्या. त्याची जागा नेमकी तिसऱ्या बेसच्या मागे, तिसऱ्या रांगेत. शेजारी त्याचा दोस्त रुडी झुपान, पेशाने न्हावी.

"टीग, आता दुसऱ्या हाताने फेकून बघ!" आर्वो ओरडायचा, आणि आजूबाजूचे चार लोक हसायचे.

त्या मोसमात त्याने क्लबला बारा पत्रं लिहिली. शाळा सहावीतच सुटलेली, त्यामुळे तो सांगायचा आणि बायको हिल्मा स्वच्छ अक्षरात लिहायची. कधी पिचर बदलायला उशीर का केला, कधी चांगला बॅट्समन सातव्या नंबरवर का पाठवला. शेवटची ओळ मात्र बाराही पत्रांत तीच: टीगला काढा. उत्तर एकदाच आलं, तेही नाताळात. टॉलफसनच्या दुकानाचं कॅलेंडर.

"भिंतीला लावू का?" हिल्माने विचारलं.

"चुलीला लाव," आर्वो म्हणाला.

जानेवारीत घरातल्या सोफ्याची स्प्रिंग कापड फाडून वर आली. हिल्माने आठवडाभर त्यावर उशी ठेवून पाहिली. मग ती एकटीच बाहेर गेली आणि परत येऊन कोट काढता काढता म्हणाली, "शनिवारी नवा सोफा येतोय."

"कुठून?"

"दुकानातून."

"कुठल्या?"

"आर्वो, शपथ तू घेतलीयस. मी नाही."

शनिवारी टेंपो आला. डुलुथमध्ये घरं डोंगराच्या उतारावर. कांगासांच्या दारापर्यंत तर रस्त्यापासून बावीस पायऱ्या, त्यावर बर्फ. आर्वोने दार उघडलं तेव्हा दोन माणसं सोफा घेऊन वर येत होती. पुढे ड्रायव्हर उलटा चालत, आणि खाली सगळं वजन अंगावर घेऊन दुसरा. टोपी कानांवर ओढलेली असली तरी आर्वोने त्याला क्षणात ओळखलं. दोन उन्हाळे त्याने ती अंगकाठी बघितली होती.

तेराव्या की चौदाव्या पायरीवर टीगचा उजवा हात सुटला. ओरडला नाही तो. नुसता श्वास ओढल्यासारखा आवाज आला, आणि सोफा तिरका होऊन खाली येऊ लागला. आर्वो घरातल्या चपलांनीच धावला, पुढे वाकून त्याने कोपरा धरला. तिघांनी मिळून सोफा वर नेला.

ड्रायव्हरला घाई होती, पण हिल्माने कॉफी ओतली होती आणि वेलदोड्याचा गोड पाव कापला होता. तिच्या स्वयंपाकघरातून कॉफी न घेता जाणं कुणाला जमत नसे. टीग खुर्चीवर बसला. त्याने कप डाव्या हाताने उचलला.

"खांद्याला काय झालंय?" आर्वोने विचारलं.

"काही नाही, सर."

"मी यार्डात काम करतो. काही नाही म्हणजे काय असतं ते मला कळतं."

टीगने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर पाव खाण्यात दंग होता.

"मागच्या हिवाळ्यात एक कपाट नेत होतो," टीग म्हणाला. "ओकचं. खांद्यात कट्‌कन आवाज झाला. तेव्हापासून हात वर गेला की जातच नाही पुढे."

"मग हे काम करतोस कशाला?"

"करारातच आहे. हिवाळ्यात दुकानात काम केलं, तरच उन्हाळ्यात संघात जागा. सहा जण आहोत आम्ही असे."

"मॅनेजरला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, पहिल्या बेसवर ठेवा, तिथे लांब फेकावं लागत नाही, बॅट तर चालतेय माझी. ते म्हणाले, तिथे मिसेस टॉलफसनचा भाचा खेळतो."

"आणि टॉलफसन?"

"त्यांनी मलम दिलं."

हिल्मा हातातला चमचा खाली ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. बारा पत्रं तिच्याच अक्षरात होती. ती काही बोलायच्या आत टीगच म्हणाला, "तिसऱ्या बेसच्या मागे बसून दुसऱ्या हाताने फेक म्हणून ओरडणारे तुम्हीच ना? आवाज ओळखला मी."

आर्वोचे कान लाल झाले. "मीच."

"एकदा सरावात फेकून पाहिलं मी डाव्याने," टीग म्हणाला. "बराच सरळ गेला की!"

हिल्माला हसू आवरेना. आर्वोला मात्र हसता आलं नाही.

दोन दिवस तो नव्या सोफ्यावर बसलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हिल्माला कागद काढायला सांगितला, मग म्हणाला, "नको. हे लिहून भागणार नाही. तोंडावरच बोलतो."

दर मार्चमध्ये क्लब चाहत्यांना जेवण द्यायचा. चर्चच्या तळघरातला हॉल, लांब टेबलं, मांसाचे गोळे आणि उकडलेले बटाटे. जेवण होत आल्यावर टॉलफसन उभा राहायचा आणि विचारा म्हणायचा. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. त्याचा राग येण्यासाठी आधी त्याच्यापासून जरा लांब जावं लागे. त्या वर्षी पहिलाच हात आर्वोचा वर गेला.

"टीगचा खांदा तुमची कपाटं उचलून गेलाय," आर्वो म्हणाला. त्याला भाषण येत नव्हतं, सरळ मुद्द्यावरच आला. "त्याला डॉक्टरकडे का पाठवलं नाही? आणि खेळाडूंकडून हमाली का करून घेता?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. टॉलफसनचं हसू जराही ढळलं नाही. त्याने शेजारच्या सेक्रेटरीकडून एक फाईल घेतली.

"मिस्टर कांगास, तुम्हीच ना? आमचे सगळ्यांत निष्ठावान चाहते!" तो म्हणाला. "तुमची बारा पत्रं आहेत इथे. बाराही वाचली मी. प्रत्येकात लिहिलंय, टीगला काढा. लोक म्हणतात आम्ही चाहत्यांचं ऐकत नाही. तर आनंदाने सांगतो, कालच टीगला नेब्रास्काच्या संघाला देऊन टाकलंय."

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात. रुडीनेही दोनदा वाजवल्या, मग दोस्ताचं तोंड बघून हात मांडीवर ठेवले.

आर्वो उभाच होता. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला.

"पत्रं माझीच आहेत," तो म्हणाला. "पण लिहिताना मला खांद्याचं माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

एवढं बोलून तो खाली बसला. टॉलफसनने पुढचा प्रश्न घेतला, तो मैदानावरच्या नव्या बाकांबद्दल होता. सगळा हॉल पेटून उठला, असं काही झालं नाही. बटाट्यांचं भांडं पुन्हा फिरलं. पण बाहेर पडताना चार-पाच अनोळखी माणसांनी येऊन आर्वोचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टीगच्या खोलीवर गेला. टीग सामान बांधत होता. एकच सुटकेस, वर दोन बॅट बांधलेल्या.

"माझ्यामुळे झालं," आर्वो म्हणाला.

"छे हो. त्यांना डावखुरा पिचर हवा होता, बदल्यात कुणीतरी द्यायचं होतं. तुमचं नाव घेतलं की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून घेतलं."

"लिहिलं ते लिहिलंच मी. बस कधी आहे?"

"चार वाजता."

"मग कोट घाल. चल."

त्याने टीगला रेल्वेच्या डॉक्टरकडे नेलं. हा म्हातारा डॉक्टर डबे जोडणाऱ्यांचे हात-खांदे चाळीस वर्षं बसवत आला होता. त्याने टीगचा हात वर-खाली फिरवला, दाबून पाहिला आणि दोघांनाही शिव्या हासडल्या, वर्षभर काय झोपला होतात म्हणून. दोन महिने फेकणं बंद, वजन उचलणं कायमचं बंद. आर्वोने हे सगळं डॉक्टरकडून कागदावर लिहवून घेतलं, सही-शिक्क्यासह.

"ही चिठ्ठी तिथल्या मॅनेजरच्या हातात दे," बस स्टँडवर तो म्हणाला. "मालकाच्या नको. आणि पहिला बेस पहिल्याच दिवशी माग. दुसऱ्या दिवशी मागणाऱ्याला काही मिळत नाही."

"बरं, सर," टीग म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे केला.

नेब्रास्काच्या मॅनेजरने चिठ्ठी वाचली की नाही कोण जाणे, पण मे महिन्याच्या शेवटी टीग पहिल्या बेसवर खेळू लागला. रुडीच्या दुकानात बाहेरगावची वर्तमानपत्रं यायची. त्यातले बारीक अक्षरांतले आकडे आर्वो रोज दुपारी वाचायचा. टीगची बॅट तळपत होती. पुढे तो तिथे चार वर्षं खेळला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि शाळेत खेळ शिकवू लागला.

आर्वोने मोसमाची तिकिटं पुन्हा काढली. रुडीला वाटलं होतं, हा आता मैदानाचं तोंड बघणार नाही. "मी नाही आलो तर टॉलफसनला काय फरक पडतो?" आर्वो म्हणाला. "उलट निवांत झोपेल."

फरक पडला तो आर्वोमध्ये. कुणाही खेळाडूविरुद्ध लिहायचं झालं की तो आधी गुरुवारी सरावाला जायचा आणि कुंपणापाशी उभा राहून त्यालाच विचारायचा. तिसऱ्या बेसवर आता आयोवाचा एक नवा गडी आला होता, पीटर हॉल्व्हर्सन नावाचा, आणि त्याच्याही हातून चेंडू सुटत होते. आर्वोने विचारलं तेव्हा कळलं, त्याला लांबचं धूसर दिसतं. चष्मा आहे, पण चष्मा लावलेला खेळाडू फोटोत चांगला दिसत नाही, असं ऑफिसातून सांगितलंय. आर्वोने या वेळी क्लबला न लिहिता वर्तमानपत्राला लिहिलं. पत्र रविवारी छापून आलं, आणि बुधवारी हॉल्व्हर्सन चष्मा लावून मैदानात उतरला.

तिसऱ्याच इनिंगमध्ये एक साधा, संथ चेंडू त्याच्याकडे आला आणि दोन पायांमधून आरपार निघून गेला.

रुडी हळूच म्हणाला, "दिसला असेल ना रे?"

"चांगला दिसला," आर्वो म्हणाला. "ही चूक त्याची स्वतःची आहे." आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तो पोटभर ओरडला.

त्या वर्षी अँकर्स पाचवे आले.